हात जोडले नाहीत, म्हणून बेशिस्त?

"शाळेत नाव घातलं ना, मग प्रार्थनेला हात जोडायलाच पाहिजेत. शाळेचा नियम आहे." परिपाठाचा विषय निघाला की तिरोड्यापासून देवरीपर्यंत हे वाक्य ऐकतो. पालक बोलले तर समजू शकतो. शिक्षक बोलतात तेव्हा राग येतो, कारण नियम नेमका उलटा आहे.

संविधानाचं कलम २८ काढून वाचा. जिथला सगळा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, त्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. अनुदानित किंवा नुसती मान्यता असलेल्या शाळेत, म्हणजे आपल्याकडच्या अनुदानित आश्रमशाळांतही, धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी संमती लागते. मूल अज्ञान असेल तर पालकाची. म्हणजे पालकाने सूट मागत फिरायचं नाही, शाळेने आधी विचारायचं. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्या गोंड आईबापाला असं कोणी विचारतं का?

"कोर्टात हे टिकायचं नाही," असंही सांगतात. टिकलं आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेला आदराने उभे राहत, हात मात्र जोडत नसत. शाळेने ती बेशिस्त ठरवली, वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं: हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. शिक्षकाला जे लागू, ते सहावीतल्या पोराला का नाही?

"मग संविधानाने प्रार्थनाच बंद केली म्हणा!" नाही केली. शाळेची सामूहिक प्रार्थना 'धार्मिक' ठरते का, हा वाद केंद्रीय विद्यालयांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या पीठाकडे सोपवला. सक्तीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

"१९७६ मध्ये संविधानात 'धर्मनिरपेक्ष' शब्द घातला, तेव्हापासून हे सक्ती नको म्हणणं सुरू झालं." कलम २८ हे २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे.

"राष्ट्रगीत न म्हणणाऱ्याला शाळेतून काढता येतं." केरळमधल्या तीन मुलांना काढलं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: उद्याच्या परिपाठाला एखादं मूल हात न जोडता शांत उभं राहिलं, तर त्याला रांगेबाहेर काढू नका.