न केलेल्या तालमीची किंमत

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधल्या कुरू तळावरून युरोपचा एरियान-५ अग्निबाण प्रथमच झेपावला आणि ३७ सेकंदांनंतर मार्गभ्रष्ट होऊन आकाशातच फुटला. त्यासोबत चार शास्त्रीय उपग्रहही गेले. आश्चर्य असे की, कोणताही सुटा भाग मोडला नव्हता. दोष होता संगणकाच्या आज्ञावलीत, आणि ती तर एरियान-४ वर बिनबोभाट चालत आलेली!

गणितज्ञ जाक-लुई लियों यांच्या चौकशी मंडळाने पुढल्याच महिन्यात कारण सांगितले. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा पुष्कळ अधिक होता. त्याच्याशी निगडित आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि दिशादर्शक संगणक बंद पडला. राखीव संगणक होता. पण आज्ञावली तीच असल्याने तो क्षणभर आधीच निकामी झाला होता. वस्तुतः ती गणना उड्डाणानंतर एरियान-५ ला लागतच नव्हती.

सुट्या भागाची चाचणी वेगळी आणि सारे भाग जोडल्यावरची वेगळी. नव्या मार्गाचे आकडे घेऊन संपूर्ण यंत्रणेची तालीम जमिनीवर करता आली असती. भाग पूर्वीच सिद्ध झाला आहे, या समजुतीपायी ती झाली नाही.

आज अशा चाचण्या स्वयंचलित करता येतात. अपेक्षित उत्तर एकदा लिहून ठेवले की आज्ञावलीतील प्रत्येक बदलानंतर संगणकच साऱ्या चाचण्या पुन्हा घेतो. प्रारंभीचा खर्च मोठा, पुढचा नगण्य. अर्थशास्त्र यालाच भांडवल म्हणते. परंतु ठोक रकमेच्या कंत्राटात तो चालू खर्च ठरतो आणि मुदत जवळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. टळलेल्या अपघाताची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही, हे त्याचे खरे कारण.

अर्थात चाचण्यांची नुसती संख्याही फसवी असते. एरियान-४ चे आकडे घेऊन हजार चाचण्या केल्या असत्या, तरी त्या हजारही उत्तीर्ण झाल्या असत्या! चाचणी कोणत्या गृहीतकावर उभी आहे, हे तपासायला माणूसच लागतो, आणि त्याचा वेळही विकतच घ्यावा लागतो. म्हणून संगणकीकरणाच्या सरकारी निविदांत चाचणीची रक्कम वेगळी दाखवावी आणि ती अन्यत्र वळविण्यास कंत्राटदाराला मुभा देऊ नये.