दगडातलं हाड सोडवताना

डायनासोर सापडल्याची बातमी येते तेव्हा फोटोत भर उन्हातला खड्डा असतो आणि त्यात ब्रश घेऊन बसलेला शास्त्रज्ञ. प्रत्यक्षात खोदणारे लोक हाड जागेवर पुरतं उघडं करायचं टाळतात. भोवतालच्या दगडासकट सगळा गठ्ठा कापून काढायचा, वर ओला कागद लावायचा आणि त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं गोणपाट गुंडाळायचं, ही रीत. १८७६ साली अमेरिकेतल्या मोंटानात जीवाश्म गोळा करणाऱ्या कोप आणि स्टर्नबर्ग यांच्याकडे प्लास्टर नव्हतं, तेव्हा त्यांनी भाताची दाट खळ करून तीत बुडवलेलं कापड हाडांभोवती गुंडाळलं होतं. अशा गठ्ठ्यातून हाड निघतं ते पुढे, प्रयोगशाळेतल्या टेबलावर. ते काढणाऱ्याला प्रिपरेटर म्हणतात.

खरं सांगायचं तर अनेक शोध या टेबलावरच लागतात. नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना गुजरातेत ढोली डुंगरीला डायनासोरची अंडी आणि पिल्लाची हाडं असलेला खडक मिळाला. १९८७ साली त्यांनी त्यावर लेखही लिहिला. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन नागपूरला आले आणि तोच खडक पाहताना त्यांची नजर काही मणक्यांवर अडली. ते मणके सापाचे होते. पुढे रीतसर करार होऊन नमुना मिशिगनला गेला आणि तिथे दगड उतरवायला सुमारे वर्ष लागलं. तेव्हा फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, साडेतीन मीटर लांबीचा साप दिसला. २०१० मध्ये त्याचं नाव ठेवलं ‘सनाजेह इंडिकस’. वय ६.७ कोटी वर्षं. हा साप इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, फक्त दगडाच्या आड.

दगड उतरवायचा तो एअर स्क्राइबने. पेनाएवढं हत्यार, कंप्रेसरच्या हवेवर चालणारं; टोकाची कठीण सुई मिनिटाला हजारो ठोके मारते. सगळी मेख ठोका कुठे मारायचा यात. हाडावर तर नाहीच. हाडापासून किंचित अंतरावर, दगडात. नशीब बरं असेल तर मधली कपची हाडाच्या पृष्ठभागावरून अलगद सुटते. नसेल तर चिकटून बसते, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली साधी सुई घेऊन कण कण टोकरत बसायचं. हाडाला तडा दिसला की थांबायचं आणि ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड राळेचा थेंब सोडायचा. हीच राळ का? तर उद्या कुणाला ती काढायची झाली तर ॲसिटोननेच काढता येते. फेव्हिक्विकच्या जातीचे गोंदही वापरात आहेत, पण चिकटले की सुटायचं नाव घेत नाहीत.

चुनखडकात हाड असेल तर आम्लाची वाट. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हॅरी टूम्ब्स यांनी १९४८ साली ती मांडली. व्हिनेगरमधलंच आम्ल पातळ करून वापरतात: चुना विरघळतो, हाडातलं फॉस्फेट बहुतांशी टिकतं. मग धुवायचं, वाळवायचं, उघड्या पडलेल्या हाडाला राळ पाजायची आणि पुन्हा आम्लात. घाई केली तर हाडाचाच चुरा.

चिकाटीचं टोक पाहायचं तर कॅनडात जावं लागेल. मार्च २०११ मध्ये अल्बर्टातल्या सनकोर कंपनीच्या खाणीत चिलखती डायनासोर मिळाला, कातडीसकट. उचलताना ते धूड स्वतःच्याच वजनाने मोडलं. रॉयल टिरेल संग्रहालयात मार्क मिचेल यांनी ते तुकडे हाती घेतले. जीवाश्म ठिसूळ आणि भोवतालचा दगड त्याहून कठीण, असा उलटा मामला. पाच वर्षांहून जास्त काळ, सुमारे सात हजार तास ते त्यावर बसले होते. २०१७ मध्ये प्राण्याचं नाव ठेवलं ‘बोरेआलोपेल्टा मार्कमिचेली’. असं क्वचितच घडतं. एरवी प्रिपरेटरच्या वाट्याला शोधनिबंधाच्या शेवटी आभाराची एक ओळ येते, तीही लेखकाला आठवण राहिली तर.

आता सीटी स्कॅनमुळे दगड न फोडताही आतलं दिसतं, पण हाड आणि दगड यांची घनता सारखी असली की चित्र धूसर येतं. तेव्हा सुईला सुट्टी नाही.

आणि कधी कधी दगड फोडायचाच नसतो, गाळायचा असतो. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधला गाळ पाण्यात भिजवून बारीक चाळण्यांतून धुतात, वाळवतात आणि चाळणीवर उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा निवडतात. तेलंगणातल्या नास्कलच्या गाळातून गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांना अशा रीतीने सस्तन प्राण्याचे जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दात मिळाले. डायनासोरांच्या शेवटच्या, म्हणजे क्रिटेशियस काळातला, भारतातला हा पहिलाच ज्ञात सस्तन प्राणी. १९८८ साली त्याला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’ म्हटलं गेलं, नागपूरला जीवाश्म गोळा करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यावरून. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.