सुट्टीतली पंगत

मे महिना लागला की शाळेच्या दाराला कुलूप लागतं. पोरं ओरडत घरी पळतात. कुणी मामाच्या गावाला जातो, कुणी विहिरीवर पोहायला जातो. १५ जूनच्या सुमारास शाळा पुन्हा उघडते. विदर्भात ऊन फार, म्हणून तिकडे आणखी आठ-दहा दिवस उशीर होतो.

पण शाळेबरोबर आणखी एक गोष्ट बंद होते. ती म्हणजे दुपारची खिचडी. ज्याच्या घरी ज्वारीची कणगी भरलेली आहे, त्याला याचं काही वाटत नाही. ज्याचे आईबाप भल्या पहाटे मजुरीला जातात, त्याच्या पोराला मात्र वाटतं. आणि पाऊस बुडाला त्या साली तर विचारूच नका. शेतात काम नाही, हातात पैसा नाही, डब्यात दाणा नाही. नेमकी त्याच दिवसांत शाळेची चूलही बंद.

म्हणून दुष्काळी गावांतल्या मुलांना सुट्टीतही शाळेत जेवण मिळालं पाहिजे, असा कायदेशीर हुकूम आहे. पुष्कळ गावांना तो ठाऊक नाही. त्याची हकीगत आधी सांगतो.

शाळेतल्या मुलांना आहार देण्याची सरकारी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पहिली काही वर्षं बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न मिळत नसे. मुलाने महिन्याचं ३ किलो धान्य घरी न्यायचं, एवढंच. ते धान्य घरच्या डब्यात पडे आणि घरातली सात तोंडं ते खात. आई तरी दुसरं काय करणार? पण शाळेतल्या पोराच्या वाट्याला त्यातलं मूठभरच येई. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सुप्रीम कोर्टाने, म्हणजे दिल्लीच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने, हुकूम केला की मुलांना शिजवलेलं अन्नच द्या. त्यानंतर २० एप्रिल २००४ च्या हुकुमात कोर्टाने सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण चालू ठेवा. १३ मे २०१६ च्या निकालात कोर्टाने हेच पुन्हा बजावलं. शिवाय अशा भागात आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस तरी, अंडं किंवा दूध किंवा तसंच काही पोषक द्यावं, असंही सांगितलं.

योजनेचं नाव २०२१ साली बदललं. आता तिला पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजना म्हणतात. गावात मात्र सगळे खिचडीच म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणणार.

आता तुम्ही म्हणाल, हुकूम झाला, मग अन्न आपोआप येईल. तसं होत नाही. आधी तालुका दुष्काळी म्हणून जाहीर व्हावा लागतो. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. अशी घोषणा बहुधा दिवाळीच्या आसपास होते आणि सुट्टी लागते मे महिन्यात. मधे पाच-सहा महिने हातात असतात. तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्यायला लावा. या समितीत शंभरातले ७५ सभासद पालक असतात, म्हणजे तुमच्यातलेच. बैठकीत तीन गोष्टी विचारा आणि ठरावात लिहून घ्या. सुट्टीचा तांदूळ शाळेत कधी पोचणार? कोणत्या दिवशी कोणते गुरुजी हजर राहणार? आणि स्वयंपाकीण बाईचं काय? ही तिसरी गोष्ट कुणी विचारीत नाही. तिचं मानधन वर्षातल्या दहाच महिन्यांचं धरलेलं असतं. सुट्टीत तिला चुलीपुढे बसवायचं तर त्या दिवसांचे पैसे कुठून मिळणार, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहून आधीच विचारलं पाहिजे. गरीब बाईकडून फुकट काम करून घेऊन गरिबाच्या पोराला जेवू घालायचं, हा कसला न्याय?

तुमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला नसेल, तरी गावाला स्वतः ही पंगत घालता येते. सप्त्याला हजार पानं उठवणारं गाव चाळीस पोरांना महिनाभर जेवू घालू शकणार नाही, हे आम्हाला पटत नाही. मोठी पातेली आहेत, आचारी आहेत, वाढपी आहेत. लागतं किती, तेवढं पाहू.

सरकारी माप असं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलाला तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. समजा, तुमच्याकडे लहान मुलं ३० आणि मोठी १० आहेत. मग रोज साडेचार किलो तांदूळ, ९०० ग्रॅम डाळ, सव्वादोन किलो भाजी आणि २२५ ग्रॅम तेल लागेल. मापं कमी करू नका. डाळीत तर मुळीच नाही. तांदळाने पोट भरतं, पण अंगाची वाढ डाळीवर होते.

उन्हाळ्यात भाजी कुठून आणायची? शेवग्याचा पाला पाहा. शेवगा फार पाणी मागत नाही, आणि त्याचा पाला कसदार असतो. तो खिचडीत चिरून टाका. सोबत कैरीची फोड नाहीतर लिंबू द्या. आंबटामुळे डाळीतलं आणि पाल्यातलं लोह अंगी लागतं.

वेळ ठरवताना उन्हाचा विचार आधी करा. बारा-एकला जेवण ठेवलं तर पोरं तापलेल्या फुफाट्यातून येणार आणि त्याच फुफाट्यातून परत जाणार. सकाळी नऊ-साडेनऊला वाढा. चूल सातला पेटली की हे जमतं. अन्न शिजल्यावर तासा-दोन तासांत ताटात गेलं पाहिजे. उन्हाळ्यात शिजलेला भात फार लवकर खराब होतो. वासावरून दर वेळी कळत नाही. काही जंतू भातात असं विष सोडतात की तो पुन्हा उकळला तरी ते विष जात नाही. म्हणून उरलेली खिचडी संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका. ज्या पोरांना आणखी हवी असेल त्यांना तिथंच वाढा. तरी उरली तर गुराला घाला.

पाणी टँकरचं असेल तर अधिक जपा. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं. पण तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पिण्याचं पाणी उकळा. नाहीतर आरोग्य सेविकेकडून क्लोरीनचं औषध घ्या, ती सांगेल तेवढं टाका आणि अर्धा तास थांबा. जेवणाआधी पोरांचे हात साबणाने धुवून घ्या. पाणी कमी आहे म्हणून ही गोष्ट टाळायची नाही. एकाने तांब्याने धार धरली तर एका कळशीत पुष्कळ हात धुवून होतात.

आता एक वाईट गोष्ट सांगतो, पण सांगायला हवी. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात पिकावर फवारायचं विषारी औषध मिसळलं गेलं होतं. आपल्याकडेही फवारणीचा रिकामा डबा धुवून घरात वापरतात. आम्ही असे डबे तेलासाठी, रॉकेलसाठी, पाण्यासाठीही वापरलेले पाहिले आहेत. शाळेच्या कोठीत असा एकही डबा येऊ देऊ नका. तेल बंद पिशवीतलंच घ्या आणि पिशवी पोरांच्या जेवणानंतरच फेका. पंगत बसण्याआधी गुरुजींनी आणि दोन मोठ्या माणसांनी खिचडी खाऊन पाहायची. नुसतं जिभेला लावून चालणार नाही, घास खायचा, आणि थोडं थांबून मग वाढायला सांगायचं. स्वयंपाकीण म्हणाली, "आज तेलाचा वास येगळाच येतोय बघा," तर त्या दिवशीचं अन्न ओतून द्या. तिचं नाक तुमच्या-आमच्यापेक्षा चुलीजवळ असतं.

पंगतीचं आणखी एक आहे. २००४ च्या ज्या हुकुमाने सुट्टीतलं जेवण दिलं, त्याच हुकुमात लिहिलं आहे की स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना आधी घ्या. काही गावांत यावरून कुरबुर झाली. पोरांना शाळेत जेवू नका, असं सांगून पाठवणारे आईबाप भेटतात. पोरं मात्र वाढलेलं ताट पुढं ओढतात. शाळा चालू असते तेव्हा गुरुजींच्या धाकाने सगळे एका रांगेत बसतात. सुट्टीत तो धाक नसतो, आणि एखादं पोर ताट घेऊन बाजूला बसू लागतं. तेव्हा रोज कुणातरी जाणत्या माणसाने पंगतीत बसावं, रांग एकच ठेवावी, आणि आज वाढायला कोण, हे पाळीने ठरवावं.

रांगेत एखादी मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन येईल. स्वतः दोन घास खाईल आणि बाकीचं त्याला भरवील. तिला रागावू नका. पोराला बाहेर काढू नका. लहान पोराचा आहार अंगणवाडीतून मिळायचा असतो, आणि शाळेला सुट्टी असली तरी तो थांबत नाही. सेविकाबाईंशी बोलून त्याचं नाव तिथं आहे का पाहा, म्हणजे ताईचं ताट ताईला पुरेल.

हजेरी वहीत खरीच लिहा. सुट्टीत रोज चाळीस पोरं यायची नाहीत. कुणी पाहुण्याकडे जाईल, कुणी आईबरोबर कामावर जाईल. एकवीस आली तर एकवीस लिहा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच तांदूळ काढा. जी चार दिवस आली नाहीत त्यांच्या घरी कुणीतरी जाऊन यावं. पोर आजारी आहे, की पायात चप्पल नाही म्हणून उन्हात येत नाही, हे तिथंच कळतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी उरलेला तांदूळ तोला, गुरुजींसमोर वहीत लिहा आणि पोत्याचं तोंड बांधून फळीवर ठेवा. जून आहे, जमिनीला ओल चढते.