उसाला बी असते का?

आपल्या गावाच्या चारी बाजूंना ऊस आहे. पण उसाचे बी कुणी पाहिले आहे का? आपण तर कांडी लावतो, तिच्यावरचा डोळा फुटतो आणि ऊस येतो. मग ८६०३२, २६५ अशा नव्या जाती येतात कुठून? मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राला पत्र लिही की." मी लिहिले. तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंचे चक्क दोन पानी उत्तर आले!

त्यांनी लिहिले, उसाला बी असते, तुऱ्यात. ते कापसाच्या धुळीसारखे बारीक असते. आपल्याकडे तुरा आला तरी रुजणारे बी सहसा धरत नाही. कोइमतूरला आणि आपल्या आंबोलीला ते धरते. म्हणून तिथे दोन जातींचा संकर करतात. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ साली निघाली. तिथे व्यंकटरामन यांनी गोड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर करून को २०५ ही जात काढली. पुढे जानकी अम्मल या बाईंनी तिथेच उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. गुणसूत्रे म्हणजे पेशीतले बारीक धागे. आईबापांचे गुण त्यांच्यातून पोरांत उतरतात. माणसात ते ४६ असतात, उसात शंभरावर! पत्ते पिसावेत तसे ते बियांत पिसले जातात, म्हणून प्रत्येक रोप निराळे. हजारो रोपांतून एखादे निवडायला दहा-बारा वर्षे जातात. ८६०३२ मधले ८६ म्हणजे १९८६ साल, हे तर आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हते.

कांडीचे मात्र तसे नाही. कांडी म्हणजे जुन्या उसाचीच नक्कल. गुण तेच, आणि रोगही तोच.

इथे आमच्या घरात वाद लागला. आमच्या उसाच्या शेंड्यातून काळे चाबूक निघत होते. बाबा बरीच वर्षे घरचेच बेणे धरायचे. मी पुन्हा पत्र लिहिले. बाईंनी उलट मलाच काम दिले, "शंभर बेटे मोज. चाबूक किती बेटांत आहे ते कळव." मी आणि ताईने मोजली. १४ निघाली. उत्तर आले, "ही काणी आहे. चाबकावर पिशवी घालून बेट मुळासकट काढा आणि जाळा. या रानातले बेणे धरू नका."

बाबा म्हणाले, "विकतचं बेणं काय फुकट मिळतंय व्हय?" आजोबा म्हणाले, "पोरीनं मोजून दाखवलंय, आता तरी ऐक." शेवटी अर्ध्या रानात बेणे मळ्यातले नवे बेणे लावले. उरलेल्या अर्ध्यात खोडवा आहे. दर रविवारी मी दोन्हीकडची शंभर-शंभर बेटे मोजते आणि आकडे वहीत लिहिते. वही गुरुजींच्या टेबलावर ठेवली आहे. कुणाच्या रानात काळा चाबूक दिसला तर पालकांनीही येऊन बघावी.