थकवा, विसर, चिडचिड... हा स्वभाव की आजार?

‘हल्ली फार आळशी झालीय ती’, ‘अभ्यासात लक्षच नाही त्याचं’, ‘आईशी बोलायची सोय राहिली नाही, लगेच अंगावर येते’. घरच्या माणसांबद्दल अशी वाक्यं आपण सहज बोलून जातो. पण त्यातल्या ‘आळशी’ सुनेची थायरॉइड ग्रंथी कमी काम करत असेल, अंगावर येणाऱ्या आईची तीच ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल आणि अभ्यासातून लक्ष उडालेला मुलगा आठवड्यापूर्वी कबड्डीच्या मैदानात डोक्यावर आपटलेला असेल. तिघांनाही ताप नाही, पट्टी बांधावी अशी जखम नाही. त्यामुळे आजाराची शंका येण्याआधी त्यांच्या वागण्याला नावं ठेवली जातात.

थायरॉइडचे विकार आणि डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा हादरा, म्हणजे कन्कशन, ही तशी दोन वेगळी दुखणी. एक महिनोन्‌महिने हळूहळू वाढतं, दुसरं क्षणात होतं. पण दोन्ही बाहेरून दिसत नाहीत. दोन्ही माणसाच्या उत्साहावर, झोपेवर, स्मरणशक्तीवर आणि मूडवर परिणाम करतात आणि दोन्ही सर्रास अंगावर काढली जातात. म्हणून दोघांचीही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत.

गाडी मंदावते तेव्हा

थायरॉइड ही कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली जेमतेम वीसेक ग्रॅम वजनाची ग्रंथी. रक्तातलं आयोडीन घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, त्वचा, पाळी, विचारांचा वेग या साऱ्यांची गती ही संप्रेरकं ठरवतात. त्यामुळेच ती कमी पडली की तक्रारी एकाच अवयवाच्या राहत नाहीत. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड वाटतं. इतरांना उकडत असतानाही थंडी वाजते. बद्धकोष्ठ होतो, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसतात. पाळीत रक्तस्राव जास्त होतो, खाणं फारसं न वाढता वजन थोडं वाढतं. नावं आठवत नाहीत, मन खिन्न राहतं.

यातलं एकेक लक्षण कुणालाही असू शकतं आणि इथेच फसगत होते. केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बद्धकोष्ठावर घरचं चूर्ण, असे तीन उपाय तीन दिशांना सुरू राहतात. तक्रारी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या, तर त्यांच्यातला धागा पटकन दिसतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली होती. हा आजार स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांनाही होतो. पुरुषांच्या बाबतीत तर शंकाच उशिरा येते.

निदानासाठी रक्ताची साधी तपासणी पुरते. तिच्या रिपोर्टवरून मात्र अनेकांचा गोंधळ उडतो. टीएसएच हे संप्रेरक थायरॉइडचं नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्याच्यामार्फत थायरॉइडला कामाचा हुकूम देते. थायरॉइड कमी पडली की हुकूम वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेला दिसला, तर बहुतेक वेळा थायरॉइड कमी काम करते आहे असा त्याचा अर्थ असतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्या गोळ्यांमुळे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

उपचारही सोपा आहे, पण शिस्त हवी. लेव्हो-थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची. बरं वाटू लागलं म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. आपल्याला बरं वाटतं ते गोळीमुळेच.

गाडी सुसाट सुटते तेव्हा

थायरॉइड जास्त काम करू लागली की चित्र उलटं होतं. भूक वाढते, तरी वजन उतरतं. बसल्या जागी छातीत धडधडतं, घाम फुटतो, उकाडा सोसवत नाही, वारंवार शौचाला जावं लागतं, झोप लागत नाही, क्षुल्लक कारणाने राग येतो. ‘डाएट न करता बारीक झालीस, काय खातेस सांग ना’ असं कौतुक होत असतं आणि आत हृदय थकत असतं. साठीपुढच्या माणसांत कधी कधी यातलं फारसं काही दिसत नाही. नाडी अनियमित होणं आणि वजन उतरणं एवढंच दिसतं. थायरॉइडचं काम वाढवणाऱ्या ग्रेव्हज या आजारात डोळे पुढे आल्यासारखे, टक लावून पाहिल्यासारखे दिसू लागतात.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. दोन्ही हात समोर ताठ धरून बोटं पसरा आणि पालथ्या हातांवर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा. हाताचा बारीक, एरवी नजरेत न येणारा कंप कागदाच्या कडेवर स्पष्ट दिसतो. दुसरी गोष्ट आरशासमोर करायची. मान किंचित मागे टाकून पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खालच्या भागाकडे पाहा. तिथला फुगवटा घोटाबरोबर वर सरकताना दिसला, तर गळा डॉक्टरांना दाखवा. यातून निदान होत नाही, तपासणीला जायचं कारण मिळतं.

मिठाबद्दलही बोलायला हवं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने दाखवून दिलं की, मिठात आयोडीन घातल्याने गलगंडाचं प्रमाण उतरतं. त्या पायावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज अनेक घरांत आरोग्याच्या नावाखाली सैंधव आलं आहे आणि त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. उपासापुरतं ठीक, पण रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच हवं. आज शहरांत दिसणारा थायरॉइडचा विकार मात्र बहुधा आयोडीनच्या कमतरतेमुळे झालेला नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे तो होतो. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं होतं.

‘शांत’ बाळ

सगळ्यात जास्त घाई करायला हवी ती नवजात बाळाच्या बाबतीत. साधारण हजारात एका बाळाची थायरॉइड जन्मतःच काम करत नाही किंवा कमी काम करते. असं बाळ फार झोपतं, कमी रडतं, दूध ओढताना दमतं, त्याची कावीळ लांबते. बघायला येणारे म्हणतात, ‘किती शांत बाळ आहे, आईला त्रासच देत नाही!’ पुष्कळदा तर सुरुवातीला एवढीही लक्षणं नसतात. म्हणून जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब खास कागदावर घेतात आणि टीएसएच तपासतात. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बाळाची वाढ इतर मुलांसारखीच होते. उपचारच झाले नाहीत तर बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही. डिस्चार्जच्या आधी ‘बाळाची थायरॉइड तपासली का?’ असं आईवडिलांनीच विचारायला हवं.

गरोदरपणाचंही तसंच. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचा मेंदू आईच्या संप्रेरकावर अवलंबून असतो. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, कारण मात्रा बहुधा वाढवावी लागते.

शुद्ध हरपली नाही, म्हणून?

आता डोक्याच्या माराकडे वळू. १७ ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली आदळला. स्मिथ कोसळला, मग उठून चालत मैदानाबाहेर गेला. तपासण्यांत काही आढळलं नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा खेळायला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला डोकेदुखी आणि गुंगी जाणवू लागली आणि कन्कशनचं निदान झालं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला, कसोटीच्या इतिहासातला पहिला कन्कशन बदली खेळाडू. जगातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असतानाही लक्षणं दुसऱ्या दिवशी उमटली, हे आपल्या गल्लीतल्या मैदानाने लक्षात ठेवायला हवं.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की एसटीतले उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसा डोक्याला झटका बसला की कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मेंदू हलतो. पेशींचं रसायन काही काळ विस्कटतं. हाड मोडत नाही, रक्तस्राव होत नाही, त्यामुळे सीटी स्कॅन स्वच्छ येतो. बहुसंख्य रुग्णांची शुद्धही हरपत नाही. हेल्मेट कवटी वाचवतं आणि ते घालायलाच हवं, पण मेंदूचा हा हादरा ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. दहीहंडीचा थर कोसळला, दुचाकी घसरली, न्हाणीघरात पाय सरकला किंवा कबड्डीत गुडघा कानशिलावर बसला, तर ‘मुका मार आहे, टेंगूळही नाही आलं’ म्हणून विषय संपवू नये.

लक्षणं अशी: डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, उजेड आणि आवाज असह्य होणं, नजर धूसर होणं, झोपेचं तंत्र बिघडणं, डोक्यात धुकं साठल्यासारखं वाटणं. पडल्यानंतरचा प्रसंग न आठवणं, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारणं. लहान मुलं हे सांगू शकत नाहीत. ती किरकिर करतात, खेळ टाकून देतात, जेवत नाहीत. खेळाडूला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मोबाइल-टीव्ही कमी करावा. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नसते. हळूहळू चालणं, मग अभ्यास, मग सराव आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सामना. मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत आणि मुलं चार आठवड्यांत बरी होतात. त्यापुढेही त्रास राहिला तर पुन्हा दाखवायला हवं.

हे दिसलं तर थांबू नका

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट येणं, बोलणं अडखळणं, हात किंवा पाय लुळा पडणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं, उठवूनही जाग न येणं. यातलं एकही दिसलं तरी तडक मोठं रुग्णालय गाठायचं. कारण कवटीच्या आत रक्त साठत असेल तर आधी माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो आणि मग ढासळतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या भारतीय क्रिकेटपटू रमण लांबाच्या डोक्याला चेंडू लागला. तो स्वतः चालत पॅव्हेलियनमध्ये गेला. नंतर त्याची प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी त्याचं निधन झालं.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर लक्षणांची वाटच पाहू नये. वृद्धांमध्ये रक्तस्राव हळूहळू होतो आणि त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो. आजोबांची चाल अचानक बिघडली, बोलण्यात विसंगती आली, तर गेल्या महिना-दीड महिन्यात ते कुठे पडले होते का, हे आठवून पाहा.

या दोन दुखण्यांना जोडणारा एक धागाही आहे. डोक्याच्या मारात, विशेषतः तो मोठा असेल तर, पिट्युटरीला इजा होऊ शकते. मग थायरॉइडला हुकूमच पोहोचत नाही. अशा वेळी टीएसएच ‘नॉर्मल’ दिसतो आणि टी-४ मात्र कमी असतो. डोक्याला मार लागल्यानंतर काही महिने थकवा हटत नसेल, तर जुन्या माराची गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगा आणि टी-४ तपासायचा का, हेही विचारा.

डॉक्टरांना दहा मिनिटांत आजचा माणूस दिसतो. तो सहा महिन्यांपूर्वी कसा होता, हे फक्त घरच्यांना माहीत असतं. म्हणून रुग्णाबरोबर एकाने जावं आणि काय बदललं, केव्हापासून बदललं, हे नेमकं सांगावं. ‘ही अशी नव्हती’ एवढं एक वाक्य तपासणीला योग्य दिशा देऊ शकतं. घरच्या माणसाला आळशी किंवा चिडकं ठरवण्याआधी त्याची तपासणी करून घेणं आपल्याच हातात आहे.