‘हू’नंतर ‘डिड’ कधी?

ठाणे असो की डोंबिवली, दहावीच्या क्लासच्या फळ्यावर एक सूत्र हमखास दिसतं: भूतकाळातला प्रश्न म्हणजे ‘डिड’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. सूत्र खोटं नाही, पण अर्धंच आहे. अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करायला सांगितलं, की मार्क जातात ते उरलेल्या अर्ध्यात.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ती तीन इंजिनांनी ओढली. ‘थ्री इंजिन्स पुल्ड द ट्रेन.’ यातल्या ‘थ्री’वर प्रश्न करायचा तर ‘हाउ मेनी इंजिन्स पुल्ड द ट्रेन?’ एवढंच. इथे ‘डिड पुल’ नको. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली. आता कल्याण हे उत्तर हवं असेल, तर मात्र ‘विच टाउन डिड द रेल्वे रीच?’

हा फरक का? मराठीत ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ म्हटलं की कर्ता कोण, कर्म कोण ते कळतं. शब्द कुठेही ठेवा. इंग्रजीत हे काम जागा करते. कर्माबद्दल विचारताना ते उचलून वाक्याच्या तोंडाशी आणावं लागतं आणि मागे राहिलेल्या कर्त्यापुढे ‘डिड’ उभं राहतं. विचारणा कर्त्याचीच असेल तर कोणी जागा सोडलेलीच नसते. म्हणून ‘हू कॉल्ड यू?’ म्हणजे तुला फोन कोणी केला, आणि ‘हू डिड यू कॉल?’ म्हणजे तू कोणाला केलास. ‘डू-डिड’ची ही रीत इंग्रजीत मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांत रुळली, पण कर्त्याचे प्रश्न तिच्याबाहेरच राहिले.

हे कळलेली मुलं मग दुसऱ्या टोकाला जातात: कर्त्याच्या प्रश्नात साहाय्यक क्रियापद चालतच नाही! चालतं की. साध्या विधानातच जे असतं ते प्रश्नातही राहतं: ‘हू इज कमिंग?’, ‘हू हॅज टेकन माय विंडो सीट?’ नकाराचंही तसंच. ‘ही डिडन्ट पे’ या विधानातच ‘डिडन्ट’ आहे, म्हणून ‘हू डिडन्ट पे?’ बिनचूक. एवढंच काय, ‘तू नाहीस, तोही नाही, मग घेतलं तरी कोणी?’ असं ठासून विचारताना ‘हू डिड टेक इट, देन?’ हेही शुद्ध. चूक होते ती हा जोर साध्या प्रश्नात उगाच आणल्यावर.

वचनाचाही गोंधळ असतो. तिसऱ्या मजल्यावर दहा माणसांचं कुटुंब राहत असलं, तरी ‘हू लिव्हज ऑन द थर्ड फ्लोअर?’ हेच बरोबर. ‘विच लोकल्स स्टॉप ॲट ठाकुर्ली?’ मध्ये मात्र लोकल्स अनेक, म्हणून ‘स्टॉप’ला ‘एस’ नाही. उत्तर येतं: ‘स्लो लोकल्स डू.’

माझ्या मते घोळाचं एक मूळ या उत्तरातच आहे. ‘हू ब्रोक द ग्लास?’ला ‘आय डिड’ म्हणायला मुलं लवकर शिकतात; तेच ‘डिड’ उलट प्रश्नात शिरतं.