पोलादी पेटी आणि बिस्किटांचा वास

१८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत रेल्वे न्यावी, ही कल्पना त्यांना तेव्हा सुचली, अशी नोंद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी भांडुपवरूनच ठाण्याला गेली. तिकडे मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन १८३० मध्येच सुरू झालं होतं. आज तिथे विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय आहे. सूत काढायची जुनी यंत्रं चालवून दाखवतात, लोक पोराबाळांसह बघायला येतात. भांडुपला उतरणारा माणूस मात्र थेट रिक्षाच्या रांगेकडे धावतो.

कारखान्यांवर पोसलेल्या आपल्या उपनगरांनी पाहुण्याला दाखवायला कारखाना सोडून सगळं ठेवलं आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाचंच बघा. जुनी माणसं त्याला अजून आग्रा रोड म्हणतात. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एकेकाळी इथे गेटामागून गेट लागायचं. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यात जुळायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले, गळे काढले. ती जिथे बनली त्या कारखान्याची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

विक्रोळीची गोष्ट तर कुठल्याही पर्यटनस्थळाला पुरून उरेल अशी. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये इथे जमीन घेतली. १९५१ मध्ये त्यांच्या कारखान्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्यांचं काम आलं. पेटी पोलादी हवी आणि किंमत पाच रुपयांच्या आसपास. बाहेरून कुलूप लावायचं म्हटलं की हिशेब कोलमडत होता. तेव्हा कारखान्यातल्याच एका कामगाराने आतल्या बाजूने बसणारी कळ सुचवली. प्रश्न सुटला, पत्रे कापले जाऊ लागले, आणि जोर आला तेव्हा दिवसाला पंधरा हजारांपर्यंत पेट्या बाहेर पडल्या. एकूण बारा लाखांहून अधिक. त्या वेळच्या बऱ्याच मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. एवढ्या पेट्या लागल्या त्या त्यामुळेच. पुढे १९५५ मध्ये गोदरेजचा भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार झाला आणि २००९ पर्यंत बनत राहिला. कंपनीने २००६ पासून स्वतःचं अभिलेखागार चालवलं आहे, हे कौतुकाचं. पण ते मुख्यतः अभ्यासकांचं ठिकाण. रविवारी सहकुटुंब फिरायला जाण्याचं नव्हे.

पश्चिमेला पार्ल्याची खूण नाकाला कळायची. १९२९ पासूनचा तिथला पार्ले बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. त्याआधी लोकलच्या दारात उभा असलेला माणूस डोळे मिटूनही सांगू शकायचा, की आता अंधेरी जवळ आली. वास काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, हे खरं. पण भट्टी ठेवता आली असती.

याउलट घाटकोपरला, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्याच आर सिटी मॉलमध्ये २०१३ पासून किडझानिया आहे. तिथे तिकीट काढून मुलं मोठ्यांची कामं करण्याचा खेळ खेळतात आणि खोट्या नोटांत पगार घेतात. मुलं रमतात, माझी तक्रार नाही. फक्त त्याच रस्त्यावर त्यांच्या आजोबांनी खऱ्या पाळ्या केल्या, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

कारागिराची आठवण ठेवणं आपल्या मातीत नाही, असं म्हणावं तर बोरिवलीचं कान्हेरी आडवं येतं. शंभराहून अधिक लेणी, आणि भिंतींवर दात्यांची नावं: कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. एका टाक्यावर तर कल्याणच्या सामिदत्त सोनाराचं नाव आहे. त्याने पाण्याची सोय केली, ते दगडात कोरलं गेलं. जवळपास दोन हजार वर्षांनी आपण ते वाचतो.

मतपेटी, टाइपरायटर आणि पद्मिनी यांना एका छपराखाली आणायला फार मोठी जागा लागणार नाही. खरी निकड माणसांची आहे. टाइपरायटरच्या जुळणीवर बसलेले, भट्टीसमोर उभे राहिलेले कामगार आता निवृत्त आहेत. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, भांडुपच्या चाळींत चौकशी केली तर भेटतील. यंत्र भंगारवाल्याकडूनही परत मिळवता येईल. ते चालवून दाखवणारा हात नंतर शोधून मिळायचा नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी, इमारतीपासून नव्हे.